सहावा थांबा

२ फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलेलं पाहून दचकू नकोस. इथे सगळे, म्हणजे बाबा आणि मी, धडधाकट आहोत. पण ही गोष्ट फोनवर बोलता येण्यासारखी नाही. आपल्या भिंती तुला माहीत आहेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाबा पलीकडून विचारतात, कोणाचा फोन. डावा कान गेला असला तरी उजवा अजून तिखट आहे. आणि बाहेर जाऊन फोन करावा, तर तू वहिनीसमोरच काय झालं, काय झालं करून घर डोक्यावर घेशील. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

गेल्या महिन्यापासून संध्याकाळी आपल्या इमारतीखाली माणसांचा घोळका येऊन थांबतो. पुढे एक मुलगी, हातात उंच धरलेली लाल छत्री, कमरेला छोटा लाउडस्पीकर. मला वाटलं, समोरची घड्याळाची इमारत दाखवत असेल. शहरात हल्ली कशाचीही सहल निघते. उघड्या छताच्या बस आहेत, नदीत काचेच्या तळाच्या होड्या आहेत. आपण नाक दाबून ज्या चामड्याच्या गोदामांवरून पळायचो, तिथेही लोक आता तिकीट काढून जातात. त्यामुळे मी लक्ष दिलं नव्हतं.

परवा दुकानातून लवकर आले होते. टॉवेल वाळत घालायला खिडकीत गेले आणि ऐकलं. ती सांगत होती, की नदीकाठी आज काचेचा मनोरा उभा आहे तिथे पूर्वी शहराचा आकाशपाळणा होता. एका रविवारी गर्दीच्या वेळी त्याची एक पेटी निखळून खाली आली. एक लहान मुलगी आणि तिची मावशी जागच्या जागी गेल्या. आणि ज्याच्या हाती यंत्र होतं तो माणूस चालतं यंत्र सोडून पळाला. एवढं सांगून तिने छत्री वर केली. छत्रीचं टोक सरळ माझ्यावर, दादा. म्हणाली, तो माणूस याच इमारतीत राहायचा, तिसरा मजला, ती खिडकी.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. मी ओला टॉवेल हातात घेऊन उभी. कोणीतरी फोटो काढला.

ती ‘राहायचा’ म्हणाली. म्हणजे बाबा अजून आहेत, आणि इथेच आहेत, हे तिला माहीत नाही. बाबा तेव्हा आत रेडिओ लावून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळत नाही. चेहऱ्यावरून त्यांचं कधी काय कळलंय? मी आता सहा वाजायच्या आत खिडक्या लावते आणि रेडिओचा आवाज वाढवते. उन्हाळ्यात काय करायचं, देव जाणे.

काही दिवस त्यांना तुझ्याकडे नेतोस का? विचार करून लिही, पण फार विचार करू नकोस.

लोभ आहेच, आधी उत्तर पाठव.

तुझी,
टिटवी


९ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र टपालाच्या गठ्ठ्यात बाटल्यांच्या झाकणांच्या बिलांखाली सापडलं. उभ्या उभ्या वाचलं आणि नंतरची पाळी कशी काढली ते माझं मला ठाऊक. लाइनवर तडा गेलेली बाटली माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेली, मुकादमाने ओरडून थांबवली.

पहिली गोष्ट, तू खाली जाऊन त्या मुलीशी भांडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आवाज चढवलास की गल्ली गोळा होईल आणि त्यांना फुकट जाहिरात मिळेल. आमच्या कारखान्याचे वकील ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून सहल कंपनीला नोटीस धाडायची व्यवस्था करतो.

दुसरी गोष्ट, बाबांना इकडे आण. मागची खोली रिकामी आहे, तुझ्या वहिनीने होकार दिलाय. फक्त एक सांभाळायचं. तुझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी शेवटावर आली आहेत. त्या मंडळींना मी सांगितलंय, की वडील विजेच्या कामात होते. हे काही खोटं नाही, पाळणा विजेवरच चालायचा. हसू नकोस. तुला तिकडे राहून कळणार नाही, की इतक्या वर्षांनीही एखादा म्हातारा नातेवाईक ‘आकाशपाळणा’ म्हटल्यावर भुवई कशी उंचावतो. एकदा लग्न पार पडलं की मग काय ते बोलू.

बाबांना खिडकीपासून लांब ठेव. कारण काहीही सांग. कबुतरं येतात म्हण.

घाईत आहे. माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

कबुतरांचा बहाणा पुरला नाही. ऐक.

तुझ्याकडे जायचं मी बाबांकडे काढलं. हवापालट होईल, नातीच्या लग्नाची गडबड बघायला मिळेल, असं सगळं गोड करून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, लग्नाला येईन, राहायला येणार नाही. मी म्हटलं, दोन महिने तरी. तर म्हणाले, दोन दिवससुद्धा नाही. पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

मंगळवारी दुकानात एका बाईंच्या चष्म्याची काच दोनदा तुटली, मला उशीर झाला. घरी आले तर दाराला बाहेरून कडी. बाबांची काठी नाही, लोकरी टोपी नाही. जिन्यात विचारलं, खालच्या चावीवाल्याला विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यापर्यंत धावत गेले, तिथून नदीकडे. कठड्यावरून पाण्यात वाकून पाहिलं, दादा. काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

परत फिरले तेव्हा आपल्या इमारतीखाली लाल छत्री उभी होती. घोळका होता. मी अंग चोरून कडेने जाणार, तेवढ्यात मधल्या रांगेत लोकरी टोपी दिसली. बाबा. दोन्ही हात काठीवर, मान वर, इतरांबरोबर आपल्याच खिडकीकडे पाहत होते. अगदी परक्या घराकडे बघावं तसे. मुलगी सांगत होती, तो पळाला. बाबा ऐकत होते. मग तिने आजोबा, दमलात का असं विचारून त्यांना घडीचं स्टूल उघडून दिलं, आणि ते त्यावर बसले.

मला हाक मारता येईना. हाक मारली असती तर काय म्हणून मारली असती?

घरी आल्यावर कळलं, हे तिसऱ्यांदा. रीतसर तिकीट काढतात. ज्येष्ठांना सवलत आहे म्हणे, तेही मला कौतुकाने सांगितलं. मी रडायच्या बेतात आणि हे सवलत सांगतात. का जाता, म्हटलं. म्हणाले, इतकी वर्षं लोक माझ्या पाठीमागे बोलले. आता कोणीतरी समोर उभं राहून मोठ्याने सांगतंय, तर ऐकावं म्हटलं. पोरगी सांगते छान, पण रंग सगळे चुकवते, पाळणा निळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मीही गेले. जुन्या तुरुंगाचं आवार, जळालेली कापडपेठ, दरोडा पडलेल्या बँकेचा कोपरा, अशी एकेक जागा करत चालायचं. सहावा थांबा आपण. आपल्यानंतर काचेचा मनोरा, त्याचं तिकीट यातच धरलेलं. लिफ्ट इतकी झरकन वर जाते, की कानात दडे बसतात. वरच्या सज्जात पोचल्यावर छत्रीवाली म्हणाली, आता सगळं विसरा आणि शहराचे दिवे बघा. लोक खरंच विसरले. काचेला नाक लावून फोटो काढत बसले. मी खाली बघत होते. नेमका कुठे असेल तो पाळणा, ते काही सापडेना.

ती मुलगी वाईट नाही, हे लिहायला जड जातंय. पोटासाठी पाठ केलेलं बोलते. तुझी नोटीस आली तर पहिला मार तिलाच बसेल. पण बाबा असे रोज जाऊन उभे राहिले, आणि एखाद्याने ओळखलं तर?

काळजीत,
टिटवी


२७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

नोटीस मी थांबवलीय. त्याचं कारण लिहितो. लिहिण्याआधी दोन कागद फाडले.

तू तेव्हा पाच-सहा वर्षांची होतीस, घरी आईजवळ. रविवारी बाबांचा डबा मी नेऊन द्यायचो. त्या दिवशीही नेला होता. तिकीटघराच्या बाजूच्या कठड्याशी मी पोचलो आणि वरून काहीतरी खाली आलं. आवाज झाला. मग एक क्षण काहीच नाही, आणि मग सगळ्या बायका एकदम ओरडायला लागल्या. मी बाबांकडे बघितलं. बाबा चौथऱ्यावरून उडी मारून पळाले. पाळण्याकडे नाही, टिटवे. पाठ करून. वर माणसं अडकलेली, पाळणा फिरतोच आहे, आणि बाबा तिकीटघरामागे दिसेनासे झाले.

मी डबा घेऊन घरी आलो. आईला सांगितलं, गर्दी होती, पोचू दिलं नाही. त्यानंतर शाळेत मुलं म्हणायची, तुझा बाप पळपुटा. मी मारामाऱ्या केल्या. ओठ फुटला, बाबांनीच औषध लावलं. पण मारामारी करताना मला माहीत होतं, की ती मुलं खरं बोलतायत.

तेव्हा त्या कंपनीला खोटं म्हणून नोटीस कशी पाठवू? उद्या त्यांनी साक्षीदार विचारला तर साक्षीदार मीच आहे.

हे बाबांना सांगू नकोस. त्यांना जपून ठेव. तिकिटं बंद कर, गोडीने नाही तर रागावून.

तुझा,
दादा


८ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुकानात मागच्या बाजूला, काचा घासायच्या यंत्राशी जाऊन बसले. तिथे आवाज असतो, रडलं तरी कळत नाही. अकरा वर्षांचा पोर तू, आणि एवढं एकट्याने गिळलंस.

तू पाहिलंस हे मी बाबांना सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग. पण मला राहवेना. मी सरळ विचारलं, बाबा, तुम्ही पळाला होतात का?

ते वाटाणे सोलत होते. सोलत सोलतच सांगितलं. पेटी निखळली तेव्हा त्यांनी थांबायचं बटण दाबलं. मोटर थांबली नाही. ब्रेकचा दांडा ओढला, तो धरेना. दुसरी पेटीही एका बाजूने कलली होती, आणखी एक फेरा झाला असता तर तीही गेली असती, आत नवरा-बायको आणि तान्हं मूल. वीज तोडायचा मोठा खटका तिकीटघरामागच्या खोलीत. म्हणून धावले. खटका पाडला. पाळणा थांबला. मग परत येऊन ते आणि तिकीटवाला हाताने चाक फिरवत एकेक पेटी खाली घेत राहिले, अंधार पडेपर्यंत. तळहात सोलून निघाले. पण तोवर पोलिसांनी गर्दी मागे हटवली होती. लोकांनी धावताना पाहिलं, परतताना पाहणारं कोणी उरलं नव्हतं. तूही नव्हतास, दादा. तू घराच्या वाटेला लागला होतास.

चौकशीत हे सगळं आलं. पेटीची पिन झिजली होती, पाळण्याच्या मालकाला कळवलं होतं, चालकाचा दोष नाही. पण ‘पळाला’ हे पहिल्या दिवशी पहिल्या पानावर छापलं, आणि हे वर्षाने आतल्या पानावर, तळाला.

मी म्हटलं, मग आम्हाला का नाही सांगितलंत. म्हणाले, दोन माणसं गेली होती. मी निर्दोष, मी निर्दोष करत कोणाच्या घरी फिरू? मग हे घर तरी बदलायचं होतं, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाले, “मी पळालो म्हणणाऱ्यांना माझा पत्ता माहीत असायला हवा. म्हणून हललो नाही.”

आई मागे लागायची तेव्हाही म्हणून हलले नाहीत. तू बोलावतोस तेव्हाही. आणि आपण इतकी वर्षं हट्टी म्हातारा म्हणत राहिलो.

आता पुढचं. काल छत्रीवाली वर आली. चावीवाल्याने तिला सांगितलं होतं, की ज्या आजोबांना तू स्टूल देतेस ते कोण आहेत. दारात उभी, छत्री मिटलेली. मी तिला फाडून खाणार होते, पण बाबांनी तिला आत बसवलं आणि पाणी दिलं. ती म्हणाली, कंपनीने जसं लिहून दिलं तसं मी बोलले, मी शोधायला हवं होतं. पण ती माफीसाठी आली नव्हती. येत्या शनिवारसाठी एका बाईंनी जागा राखून ठेवलीय. सोबत पुतण्या. त्यांनी कंपनीला कळवलंय, की पाळण्यातून पडलेल्या त्या मुलीची मी आई, आणि त्या माणसाचं घर मला बघायचंय. कंपनीच्या मालकाला आनंद झालाय, त्या दिवशी जास्त तिकिटं विकली गेलीयत. छत्रीवाली म्हणाली, पुतण्याचा फोन आला होता, त्याचा आवाज चांगला नव्हता. तुम्ही त्या दिवशी कुठेतरी निघून जा.

बाबा म्हणाले, शनिवारी मी खाली येईन.

मी पाया पडले, भांडले, जेवण टाकलं. काही उपयोग नाही. दादा, तू ये. पत्र मिळताच नीघ.

वाट बघते,
टिटवी


१२ मार्च

टिटवे,

पत्र आज मिळालं, आज बुधवार. माणसाबरोबर पाठवतोय म्हणजे उद्या मिळेल. शनिवारी कारखान्यात तपासणी आहे, रजेचं बोललो तर साहेब म्हणाले, जा, पण मग सोमवारी येऊ नका. रविवारी पहाटेच्या आत पोचणं शक्य नाही.

बाबांना खाली जाऊ देऊ नकोस. दाराला बाहेरून कुलूप घाल. चावीवाल्याला जिन्यात बसव. तोंड त्याने उघडलं, आता अंगही हलवू दे. पोलीस चौकीत आधी सांगून ठेव. त्या पुतण्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो. समजावून सांगण्याची ही वेळ नाही. कोणी ऐकून घ्यायला येत नसतं.

खटक्याचं तू लिहिलेलं ते चार वेळा वाचलं.

दादा


१६ मार्च

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे, बाबा ठीक आहेत. काल रात्री फोनवर तुला एवढंच सांगू शकले. आता सगळं लिहिते.

कुलूप मी आणलं होतं. खरंच. पिशवीत होतं. दुपारी बाबांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला, आणि मला म्हणाले, काठी नको, तू हात दे. मी कुलूप पिशवीतच राहू दिलं. तू रागावशील, रागाव.

खाली नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. फोन हातात धरून तयार. छत्रीवालीचा चेहरा पांढराफटक. ती बाई पुढेच उभी होती, दादा, बारीकशी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. बाजूला पुतण्या, दार भरून उरेल एवढा. छत्रीवालीने माइक तोंडाशी नेला, आणि मग कमरेच्या लाउडस्पीकरचं बटणच बंद केलं. म्हणाली, आज मी सांगणार नाही. मागून कोणीतरी कुरकुरलं, की पैसे भरलेत.

बाबा माझा हात सोडून पुढे गेले. बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, की पाळणा मी चालवत होतो. मी इथेच राहतो.

पुतण्याने त्यांचा सदरा गळ्याशी धरला. वरचं बटण तुटून फरशीवर पडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला, इतकी शांतता. मी मध्ये घुसले, चावीवालाही धावला. पण बाबांनी हात वर केला नाही, मागेही सरकले नाहीत. पुतण्या म्हणत होता, आता का नाही पळत, आता पळा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग बाईंनी त्याच्या मनगटावर नुसता हात ठेवला. म्हणाल्या, मी मारायला आलेली नाही, विचारायला आलेय. सोड त्यांना.

त्याने सोडलं.

त्या म्हणाल्या, त्या दिवशी मला गिरणीत जादा पाळी होती. पोरीला बहीण घेऊन गेली. दोघीही गेल्या. म्हणजे शेवटी ती कशी होती, हे सांगणारं मला कोणी उरलं नाही. पेटीचं दार यांनीच लावलं असणार. एवढी वर्षं हिंमत झाली नाही. आता माझे दिवस थोडे उरलेत.

मग त्यांनी विचारलं, माझी पोर घाबरली होती का.

बाबांनी उजवा कान त्यांच्याकडे वळवला. मला वाटलं, डावीकडून विचारलं म्हणून ऐकू गेलं नाही. मग बोलले. म्हणाले, तिने काय घातलं होतं ते आठवत नाही. पण एका चपलेचा पट्टा सुटला होता, चढताना अडखळली, तेव्हा मी मावशीला म्हटलं, पट्टा लावा. मावशीने लावला तर पुन्हा सुटला. पोर हसली, म्हणाली, याचं हे असंच आहे. मग मला विचारलं, वरून गिरणी दिसते का. मी म्हटलं, नदीपलीकडे बघ, धुराडं दिसेल. पहिल्या फेऱ्यात ती खाली आली तेव्हा ओरडून सांगत गेली, की दिसलं, दिसलं.

बाई तिथेच खाली बसायला लागल्या. पुतण्याने त्यांना सावरलं, छत्रीवालीने ते घडीचं स्टूल सरकवलं. त्या पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, त्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. सोमवारी दुरुस्त करून आणणार होते. त्या पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिल्या, सोमवारी आणणार होते.

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, आणि शेवटी?

बाबांना खोटं बोलता आलं असतं, दादा. कोणाला कळलं नसतं. मी मनात म्हणत होते, सांगा, काही कळलंच नाही तिला, असं सांगा. बाबा म्हणाले, “शेवटचं मला माहीत नाही. तेव्हा मी धावत होतो.”

बस्स. खटका, मोटर, तान्हं मूल, सोललेले तळहात, काही म्हणजे काही बोलले नाहीत. मीच न राहवून तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी गप्प झाले. पण छत्रीवालीने चौकशीचं सगळं वाचून काढलं होतं आठवडाभर. तिने सांगितलं, आपल्या साध्या आवाजात, कागद न बघता. लोकांनी फोन कधी खाली केले, मला कळलं नाही.

पुतण्या ऐकत होता. शेवटी खाली वाकला, बटण शोधलं आणि माझ्या हातात दिलं. बाबांकडे त्याने पाहिलं नाही.

बाई वर आल्या नाहीत. बाबांनी म्हटलं, चार घोट चहा घ्या, त्या नको म्हणाल्या. निघताना बाबांना म्हणाल्या, की तुम्ही वाईट आहात की चांगले, ते मला ठरवता येणार नाही, माझ्याच्याने होणार नाही. पण धुराडं दिसलं म्हणाली ना ती? बाबा म्हणाले, हो, दोनदा म्हणाली. मग त्या पुतण्याचा हात धरून गेल्या. मनोऱ्याचं तिकीट होतं त्यांच्याकडे, तिकडे वळल्या नाहीत.

बाबा वर येऊन पलंगावर बसले, तुटल्या बटणाचा सदरा तसाच अंगात. मध्यरात्रीपर्यंत आडवे झाले नाहीत. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. आज सकाळी पोटभर जेवले. छत्रीवाली येऊन सांगून गेली, तिने मालकाला म्हटलं, सहाव्या थांब्यावर मी जुनं बोलणार नाही. मालक म्हणाला, मग दुसरी मुलगी बघतो. ती आज चावीवाल्याकडे बसून दुसऱ्या कंपन्यांना फोन लावत होती.

आता तू विचारशील, मी तुझ्याबद्दल काही बोलले का. नाही बोलले.

ठेव तब्येत सांभाळून.

तुझी,
टिटवी


२१ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजवर तुम्हाला मी वेगळं पत्र लिहिलं नाही. टिटवीच्या पत्राच्या तळाला, बाबांना नमस्कार, एवढं लिहून मोकळा व्हायचो. आज तिच्या पत्राशिवाय लिहितोय, तर सुरुवातच जमत नाही. अक्षर लागलं नाही तर तिच्याकडून वाचून घेऊ नका. हे तुमच्यासाठी आहे.

त्या रविवारी मी तिथे होतो. डबा घेऊन, तिकीटघराच्या कठड्याशी. तुम्ही धावताना मला पाहिलंत की नाही, मला माहीत नाही. मी तुम्हाला पाहिलं. तेवढंच पाहिलं आणि घरी पळालो. टिटवीचं पत्र आल्यापासून एकच हिशेब मनात येतोय. मी थोडा वेळ थांबलो असतो, तर तुम्ही परत येताना दिसला असतात.

काल तुमच्या होणाऱ्या नातजावयाच्या घरी जाऊन आलो. त्यांना सांगितलं, की माझे वडील वीजखात्यात नव्हते, आकाशपाळणा चालवायचे, तोच आकाशपाळणा. मुलाचे वडील म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवलेलं नाही. तुमच्या नातीने मात्र घरी येऊन मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाली, आजोबांची एवढी गोष्ट, आणि मला विजेचं मीटर वाचणारे आजोबा सांगितलेत? सून तुमची तिच्याच बाजूने होती. मी एकटा पडलो.

गुरुवारी सकाळी येतोय. चार दिवसांची रजा मिळालीय, मागितल्यावर मिळते असं दिसतंय. तुम्हाला इकडे न्यायला येत नाही. तो विषय मी काढणार नाही. खिडकी उघडी ठेवा.

टिटवीने सगळं लिहून कळवलंय. पण ते तिने ऐकलेलं. मला तुमच्याकडून ऐकायचंय, पहिल्यापासून. त्या दिवशी सकाळी किती वाजता कामावर गेलात, पाळणा कुठल्या रंगाचा होता, खटक्याची खोली कुठे होती. हवं तर नदीवर जाऊ, नको वाटलं तर घरीच बसू. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. मला घाई नाही.

बाबा, त्या दिवशी काय झालं?

आपला मुलगा